कामाची वही : पूर्वी म्हणजे नेमकं कधी?

१२ ऑक्टोबर २०२५

वही आजपासून सुरू. पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची, दोन वर्षं मिळाली, त्यातले चार महिने कागदपत्रांतच गेले. प्रकल्पाच्या नावात 'उत्तर सह्याद्री', 'पानगळी वने' आणि 'दीर्घकालीन स्थित्यंतरे' असं सगळं बसवलंय. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "म्हणजे परत झाडंच मोजायची ना?"

हो, परत. २०११ मध्ये एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी त्र्यंबक ते पेठ या पट्ट्यात सहा प्लॉट आखले होते, प्रत्येकी २० बाय ५० मीटर. दहा सेंटिमीटरच्या वर घेर असलेल्या प्रत्येक खोडाला ॲल्युमिनियमचा बिल्ला ठोकला, नंबर दिला, घेर लिहिला. आता तीच खोडं शोधायची. कोण गेलं, कोण नवीन आलं, कोण किती जाड झालं.

चौदा वर्षं म्हणजे जंगलाच्या हिशेबात एक जांभई. पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर ५० हेक्टरचा प्लॉट १९८० च्या सुमारास आखला, तिथे एक सेंटिमीटर व्यासापासूनचं प्रत्येक खोड ठरावीक वर्षांनी मोजतात. आपल्याकडे तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात परिसरशास्त्रज्ञ रमण सुकुमार यांच्या गटाने १९८८ मध्ये तेवढाच प्लॉट घेतला आणि मोजणी अजून चालू आहे. माझे सहाही एकत्र केले तरी एक हेक्टर भरत नाही. म्हणून झाडांच्या जोडीला इतर पुरावेही गोळा करायचेत: जुने कागद, उपग्रहचित्रं, गाळ, लाकडातली वार्षिक वाढीची कडी. जे हाती लागेल ते.

२९ ऑक्टोबर

दिवाळी झाली तरी पाऊस जायला तयार नाही. परवानगीचं पत्र आलं, पण त्यात चुकीच्या तालुक्याचं नाव. परत अर्ज.

९ नोव्हेंबर

हरसूलच्या अलीकडचा प्लॉट १. सकाळी पहिल्या गाडीने निघाले. नाशिकहून पश्चिमेला जाताना पाऊसमान किती झपाट्याने बदलतं हे खिडकीतूनच कळतं. शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास, इगतपुरीकडे घाटमाथ्यावर ३००० च्या वर. पन्नासेक किलोमीटरच्या आत द्राक्षाचे मांडव संपतात आणि भातखाचरं, उतारावर नागली-वरई सुरू होते. सध्या नागलीची कणसं खुडणं चालू आहे, त्यामुळे माणूस मिळेना. शेवटी गावातले काका आले. २०११ लाही तेच होते सोबत. तेव्हा मी त्यांना झाडांची लॅटिन नावं सांगून भंडावलं होतं, हे त्यांनी आल्याआल्या आठवण करून दिलं.

जीपीएसच्या जुन्या नोंदींवर भरवसा ठेवून गेलो आणि तासभर भलत्याच उतारावर फिरलो. झाडोऱ्याखाली त्या यंत्राची चूक पाच-सात मीटर सहज असायची. कोपऱ्याचे दगड सापडले ते काकांच्या आठवणीवर: "त्या वाकड्या हेदाच्या खाली तुम्ही डबा खाल्ला होता." हेदाचं झाड तिथेच, दगडही तिथेच.

बिल्ल्यांची अवस्था बघण्यासारखी. काही गुराख्यांच्या पोरांनी काढून नेलेत (एक म्हणे शेळीच्या गळ्यात होता). काही सालीने गिळलेत. ४७ नंबरच्या सादड्यावर बिल्ल्याची फक्त कड बाहेर राहिलीय, खिळ्याला सैल ठेवायला हवं होतं ते तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. सादडा म्हणजे ऐनच, पण इथे ऐन म्हटलं की लोक क्षणभर थांबतात.

११२ नंबर: २०११ च्या कागदावरच 'मृत, फक्त बुंधा' लिहिलेलं. तिकडे वळलेही नाही.

१० नोव्हेंबर

आजची चूक माझीच आणि चौदा वर्षं जुनी. काही झाडांचा घेर २०११ पेक्षा कमी भरतोय. झाड बारीक कसं होईल? दुष्काळात साल आक्रसते, पण एवढी नाही, आणि आत्ता तर पावसाळा सरलाय. दुपारी भाकरी खाताना ट्यूब पेटली. तेव्हा घेर कुठे घ्यायचा हे मला एका वनरक्षकांनी शिकवलं होतं. वनखात्याची जुनी रीत साडेचार फूट, म्हणजे १.३७ मीटर. संशोधनाच्या प्लॉटमध्ये जगभर १.३ मीटर. मी प्लॉट १ आणि २ त्यांच्या रीतीने मोजले, मग पुस्तक वाचलं आणि पुढचे चार पुस्तकाच्या रीतीने. कुठेही नोंद केली नाही. सात सेंटिमीटरचा फरक सरळ सागाला फारसा जाणवत नाही, पण सादड्याला नेमक्या त्याच उंचीवर फांदी तोडल्याची गाठ असली की घेर पार बदलतो.

उपाय: पहिल्या दोन प्लॉटमध्ये दोन्ही उंचीवर मोजायचं आणि खोडावर रंगाची रेघ मारायची. दोन दिवसांचं काम चार दिवसांवर गेलं.

२३ नोव्हेंबर

चार प्लॉट झाले. रात्री घेराचे गट पाडून आलेख काढला आणि बघतच बसले.

स्वतःचं स्वतः चालणाऱ्या जंगलात बारीक खोडं भरपूर, मध्यम त्याहून कमी, जाड मोजकी असं चित्र दिसतं. इंग्रजी जे अक्षर आरशात पाहावं तशी उतरती रेषा. माझ्याकडे दोन ढीग आहेत. एका टोकाला मनगटाएवढ्या खोडांची गर्दी, दुसऱ्या टोकाला मोह, आंबा, हिरडा यांचे दोन माणसांच्या कवेत न मावणारे बुंधे. मध्ये जवळपास काहीच नाही. म्हातारे आणि पोरं, कर्ती पिढी गायब. शहराकडे कामाला गेलेल्या गावासारखं.

मोठे का टिकले ते उघड आहे. मोहाची फुलं, बियांचं तेल, हिरड्याचा बाजार, आंब्याची सावली. हे 'जंगल' राहिलंय ते माणसाने निवडून ठेवलेलं. पण मधले? पुण्याला माझ्या मार्गदर्शक सरांना आलेख पाठवला. उत्तर एका ओळीचं: "पुनरुत्पादन खुंटलंय, लेखाचा गाभा हाच." मलाही तसंच वाटतंय. लेखाचं शीर्षकसुद्धा सुचलं.

७ डिसेंबर

शहरात तपोवनातल्या झाडांचा वाद पेटलाय. सिंहस्थासाठी साधुग्राम उभारायचं, त्यासाठी झाडं काढायची, आणि लोक रस्त्यावर उतरलेत. माझ्या नात्यातले एक जण मला फोनवर म्हणाले, "तू जंगलातली ना? सांग, हे जंगल आहे का?" मी उत्तर टाळलं. टाळायला नको होतं, पण उत्तर खरंच लांब आहे.

भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून देशाच्या वनाच्छादनाचे अहवाल काढते. त्यांची व्याख्या अशी: किमान एक हेक्टर जागा आणि झाडांच्या माथ्यांनी झाकलेला भाग किमान १० टक्के. जमीन कोणाची, झाड कोणतं, याला महत्त्व नाही. निलगिरीची लागवड धरा, आमराई धरा, आकडा वाढतो. माझा प्लॉट ३ त्यात बिनदिक्कत 'वन' म्हणून बसेल आणि वीस वर्षांपूर्वीही बसला असता, आतली माणसं (म्हणजे झाडं) बदलली तरी. आच्छादन सांगतं छप्पर आहे की नाही. घरात कोण राहतं ते सांगत नाही.

ग्रंथालयात मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिकचा खंड, १८८३ चा, परत चाळला. त्यात जंगल आहे ते महसुलाच्या डोळ्यांनी पाहिलेलं. थळ घाटातून आगगाडी १८६५ मध्ये इगतपुरीला चढली, रुळांखालचे लाकडी स्लीपर आणि सरपण दोन्ही लागलं. १८७८ च्या वन कायद्याने राखीव आणि संरक्षित अशा हद्दी घातल्या. म्हणजे 'इंग्रजांच्या काळी घनदाट होतं' असं आपण ज्या काळाबद्दल म्हणतो, तेव्हाचे साहेब लोक 'पूर्वी घनदाट होतं' असं म्हणत लाकूड मोजत होते. प्रत्येकाचं पूर्वी त्याच्या आजोबांपर्यंत जाऊन थांबतं.

१६ डिसेंबर

जुन्या नाशकात एक वाडा पाडताहेत. ओळखीतून कळलं, लाकूडवाल्याला गाठलं, तुळईची टोकं कापून घेतली. चार चकत्या, हमालीसकट खर्च माझ्या खिशातून, कारण फेलोशिप तीन महिने थकलीय आणि 'जुनी तुळई' असा रकाना कुठल्याच बिलात नाही.

साग हे आपल्याकडच्या मोजक्या झाडांपैकी, ज्याची वार्षिक कडी नीट दिसतात. हंगामाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ, पुढे घट्ट लाकूड. पावसाचं वर्ष रुंद, अवर्षणाचं अरुंद, हे ढोबळ सूत्र. खरकागदाने घासून घासून आरशासारखं केल्यावर भिंगाखाली मोजता येतात. एका चकतीत ९० च्या पुढे कडी भरली. कुठल्याशा डोंगरावर ९० वर्षं उभं राहिलेलं झाड नंतर कोणाच्या तरी माजघरावर आडवं पडून राहिलं.

अडचण अशी की सुताराने बाहेरचं पांढरं लाकूड तासून टाकलंय, कारण ते वाळवी खाते. शेवटची कडीच नाहीत, त्यामुळे झाड कोणत्या साली पडलं ते सांगता येत नाही. शिवाय हा साग पेठचा, डांगचा की थेट ब्रह्मदेशाचा, हेही लाकूड बोलत नाही. काकांनी एका पडक्या झोपडीतला सागाचा खांब दिलाय, तो नक्की इथलाच. त्यात ७२ च्या दुष्काळाचं कडं शोधलं. त्या सुमाराला एक अरुंद कडं आहे खरं, पण सागाची पानं खाणारी अळी एखाद्या वर्षी झाडच्या झाड उघडं करते, तेव्हाही कडं अरुंदच येतं. एका खांबावर दुष्काळ सिद्ध करू नये.

४ जानेवारी २०२६

आज हसावं की रडावं कळेना.

परागकणांसाठी एक जुना तलाव हेरून ठेवला होता. तळाच्या गाळात वर्षानुवर्षं परागकण साठत जातात. नळी ठोकून गाळाचा उभा दंडगोल काढायचा, थराथराने आम्लात उकळायचा, उरलेले परागकण भिंगाखाली ओळखायचे, सेंद्रिय अंशाचं कार्बन-१४ ने वय काढायचं. याने शेकडो वर्षं मागे जाता येतं. कोळशाचे कण मिळाले तर वणव्यांचा हिशेबही लागतो.

तलावावर पोहोचलो तर तळ खरवडलेला. गेल्या उन्हाळ्यात जेसीबी लावून गाळ काढला आणि शेतांत टाकला. शेतकरी खूश, पाणी जास्त साठलं, त्यांच्या जागी मी असते तर तेच केलं असतं. माझं दफ्तर मात्र वीस-पंचवीस शेतांत पसरलंय आणि त्यावर हरभरा उभा आहे. काकांनी विचारलं, "त्या मातीत काय होतं?" मी म्हटलं, तुमच्या पणजोबांच्या वेळचं जंगल. "मग बरंच झालं," ते म्हणाले, "हरभरा चांगला आलाय."

गाळ मिळाला असता तरी सगळं सुटलं नसतं, हे मनाचं समाधान. गवतांचे परागकण भिंगाखाली सगळे सारखेच. नागली कोणती आणि रानगवत कोणतं, सांगणं कठीण. सादडा-हिरड्याच्या कुळाचे कण अंजनीच्या कुळाशी इतके मिळतेजुळते की दोन्ही एकाच नावाखाली मोजतात. मका तेवढा मोठ्या दाण्याचा, लगेच ओळखू येतो, आणि तो अमेरिकेतून आलेला असल्याने तो दिसला की थर सोळाव्या शतकाच्या आधीचा नाही हे पक्कं.

१८ जानेवारी

अंजनेरी. प्लॉट नाही इथे, पण कोरोना उपग्रहाची चित्रं तपासायची होती. १९६० ते १९७२ मध्ये अमेरिकेने हेरगिरीसाठी काढलेली ही चित्रं १९९५ मध्ये खुली झाली. जमिनीची चित्रं घेणारा लँडसॅट उपग्रह १९७२ मध्ये उडाला, त्याच्या आधीचा काळ वरून बघायला हा मोठा झरोका. चित्रात माथ्यावरचं पठार तेव्हाही उघडंच दिसतं. खडकावर वीतभर माती, पावसाळ्यात पाणी साचणार, उन्हाळ्यात तवा. झाड धरणारच नाही. इथेच अंजनेरीच्या नावाने ओळखली जाणारी सेरोपेजिया वाढते, कंदिलासारखी फुलं येणारी, कंदावर तग धरणारी. तिला सावली नको, उघडं पठारच हवं.

वाटेत वृक्षारोपणाचे खड्डे दिसले. कुठल्याशा गटाने हौसेने खणलेत. प्रत्येक उघडी जागा म्हणजे तुटलेलं जंगल, असं आपल्या मनात घट्ट बसलंय, आणि सातबाऱ्यावर 'पोटखराबा' किंवा 'पडीक' लिहिलेलं असलं की खात्रीच पटते. पठाराच्या कडेची माती तीन खोलींवरून घेतली. गवतांचा आणि झाडांचा कार्बन वेगळा मोजता येतो: आपल्याकडच्या उष्ण प्रदेशातल्या बहुतेक गवतांचा समस्थानिक आकडा (जड आणि हलक्या कार्बनचं प्रमाण, दर हजारी) उणे १२ च्या आसपास, झाडांचा उणे २७ च्या. खोल मातीतही गवत निघालं तर माळ जुना. नमुने प्रयोगशाळेत गेलेत, रांग लांब आहे.

१५ फेब्रुवारी

प्लॉट ५, पेठकडे. आजची नोंद सावकाश लिहिते.

काकांच्या मेहुण्यांच्या वावरात राब चालू होता. नागलीची रोपं टाकायची जागा आधी भाजून घेतात. थंडीत तोडलेला टहाळ वाळवायचा, तो पसरायचा, त्यावर शेण, पातेरा, गवत, वर मातीचा हात फिरवायचा आणि वारा पडल्यावर पेटवायचं. आग भडकू द्यायची नाही, धुमसत ठेवायची. तणाचं बी मरतं, राख मिळते, जूनमध्ये रोपं तरारून येतात. टहाळासाठी सादड्याला पसंती. कोणाचं झाड कोणतं हे ठरलेलं असतं. अशी झाडं लांबून ओळखू येतात, खांबाला झुपका बांधल्यासारखी.

मी बारीक खोडांच्या गर्दीत फीत घेऊन बसले होते. काकांना म्हटलं, एवढी पोरं आहेत पण मोठी का होत नाहीत? ते पाच-सहा खोडांच्या बेटाजवळ बसले, कोयत्याच्या पाठीने पातेरा बाजूला केला, माती उकरली. खाली सगळी खोडं एकाच ठोंब्यातून आलेली. ठोंबा घमेल्याएवढा, काळा, जळकट, गाठीगाठींचा. "ही पोरं नाहीत," ते म्हणाले. "माझ्या आज्याने तोडलंय हे. बापाने तोडलं, मी तोडलं. वरचं नवं, खालचं तेच."

मी माती झटकत बसून राहिले. मला हे माहीत नव्हतं असं नाही. साग-सादड्याला तोडल्यावर फूट येते, वणव्यात वरचं खोड दरवर्षी जळून मूळ तेवढं वर्षानुवर्षं जिवंत राहतं, हे मी परीक्षेत लिहिलंय. पण तक्त्यात मी प्रत्येक खोड म्हणजे एक झाड धरलं होतं आणि घेरावरून वय. मनगटाएवढं म्हणजे लहान. मला न सापडलेली कर्ती पिढी इथे जमिनीखाली बसली होती, शंभरीची असेल, किंवा जास्त. ठोंब्याला कडी नाहीत, दरवेळी कुजून-जळून परत भरलेला. वय काढायची सोय नाही.

म्हणजे 'पुनरुत्पादन खुंटलंय' हेही नीटसं खरं नाही आणि 'जंगल नव्याने वाढतंय' हेही नाही. २०११ नंतर 'नवीन आलेली' म्हणून मी ज्यांची नोंद केली, त्यातली बरीच जुनीच मंडळी. 'मेलेली' म्हणून लिहिलेलीही कदाचित. जन्म आणि मृत्यू दोन्ही रकाने फुगलेले. बियाण्यापासून आलेलं खरं नवं रोप कोणतं, तोच प्रश्न आहे आणि तो मी मोजलेलाच नाही.

घरी येताना शीर्षक खोडलं.

१ मार्च

सरांशी पाऊण तास बोलणं. आधी वैतागले. मग म्हणाले, "मुदुमलाईवाल्यांनाही आगीनंतरची फूट वेगळी धरावी लागते, आपणच कसं विसरलो?" 'आपण' म्हणाले, हे त्यांचं मोठेपण. तक्त्यात दोन रकाने वाढवले: जमिनीलगत ठोंब्याचा घेर, आणि एका ठोंब्यावरच्या खोडांची संख्या. शिवाय गुडघ्याखालचं प्रत्येक रोप हाताने उकरून बघायचं, बी की फूट. एका प्लॉटला निदान चार दिवस. सहाही प्लॉट परत, वणवे लागायच्या आत.

होळीला दोन दिवस सुट्टी, काकांनी आधीच सांगून ठेवलंय.

८ मार्च

प्लॉट १, नव्याने. सादड्याची पानं जवळजवळ गळून गेलीत, पळस पेटलाय, मोहाला कळ्या. उकरताना पहिल्या दहा 'रोपां'पैकी नऊ निघाली फूट. दहावं हेदाचं, खरं बियाचं, खाली तंतूसारखं मूळ. काकांनी त्याला तीन दगड लावून ठेवले.

शेवटी ११२ कडे गेलो. बिल्ला बुंध्याच्या कुजक्या कडेवर लटकत होता, आकडा वाचता येत होता. बाजूने तीन खोडं, त्यातलं एक फितीत ३१ सेंटिमीटर भरलं. नोव्हेंबरमध्ये मी याच्यापासून दहा पावलांवर डबा खाल्ला होता.

२०११ च्या कागदावरच्या 'मृत' वर रेघ मारली. ११२-अ, ११२-ब, ११२-क. तीन नवे बिल्ले ठोकले, खिळे या वेळी दोन बोटं बाहेर ठेवून.